टोमॅटोच्या वाफ्यात उभी राहिलेली गळाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आले असेल, ते आधी पुसून टाका. कपडे वाळत घालायची, जांभळे पाडायची, म्हशी हाकायची किंवा म्हाताऱ्यांनी टेकत टेकत देवळात जायची काठी मी नव्हे. त्या सगळ्यांना मी लाकूडफाटा समजते. मी ट्राउट नावाच्या माशासाठी घडवलेली, बांबूची गळाची काठी आहे. आणि तरीही या उन्हाळ्यात मला टोमॅटोच्या रोपाशेजारी मातीत उभे राहावे लागले. ते कसे, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे.

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला, मेंढ्यांच्या मुलखात, ॲलिस्टर नावाचा एक सुतार होता. उन्हाळ्यात तो लोकांची कपाटे करी आणि थंडीत, कुणाला कपाट नको असे तेव्हा, काठ्या करी. चीनमधून बोटीने आलेला बांबू तो उभा चिरायचा. त्याच्या सहा निमुळत्या पट्ट्या रंधून काढायचा आणि त्या एकमेकींना अशा चिकटवायचा की नखालाही सांधा लागू नये. माझी मूठ त्याने बुचाची केली, दोन तुकड्यांच्या मधला जोड पितळेचा केला. दोरी ओवायच्या बारीक कड्या तांबड्या रेशमाने बांधल्या. मग मला हवेत एकदा हलवून तो म्हणाला, "चालेल." मित्रांनो, त्या मुलखात याहून मोठी स्तुती नसते.

माझे कामही तुम्हाला समजावून सांगते. आमच्या गळाला किडा नसतो, मांस नसते. पिसे आणि दोरा गुंडाळून गळालाच माशीचे रूप दिलेले असते. ती इतकी हलकी असते की फेकताच येत नाही. फेकायची असते ती दोरी, आणि दोरीला हवेत उलगडायला लावते ती काठी, म्हणजे मी. ट्राउट प्रवाहाच्या उलट तोंड करून उभा असतो. म्हणून मासेमाराने खालून वर, त्याच्या पाठीमागून, मांजराच्या पावलांनी जायचे असते. ट्राउट फार चोखंदळ असतो. निदान या उन्हाळ्यापर्यंत माझी तशी समजूत होती.

माझी पहिली मालकीण मिस हॅलिडे. ती एका खेड्यात शाळा चालवायची. शाळा सुटली की नदीवर यायची आणि अंधार पडायच्या आत घरी जायची. घरी गेल्यावर स्वतःचे ओले मोजे काढायच्या आधी मला फडक्याने पुसायची, जोड वेगळा करून सावलीत आडवी ठेवायची. ती माझ्याशी कधी गोड बोलली नाही. पण ती होती तोवर माझ्या अंगावर पाण्याचा एक डाग राहिला नाही. काळजी घेणे म्हणजे काय ते मी तिच्याकडे पाहिले. पुढे जे पाहिले त्याला दुसरे नाव आहे.

ती गेल्यावर मी तिच्या भाच्याकडे आले. त्याने माझ्याने आलुबुखार पाडले. तोवर बाजारात कार्बनच्या काळ्या काठ्या आल्या होत्या. साच्यातून चकल्या पडाव्यात तशा त्या कारखान्यातून पडतात, एकीचा चेहरा दुसरीहून वेगळा नाही. पण भाच्याला त्याच आवडल्या. मी गॅरेजमध्ये गेले, गॅरेजमधून खोक्यात, आणि खोक्यातून ऑकलंडजवळच्या हेन्डरसनमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात. तिथे एका मोडक्या छत्रीच्या आणि दोन हॉकी स्टिकांच्या संगतीत मी उभी होते. त्या संगतीबद्दल मी न बोललेले बरे.

कामासाठी ऑकलंडला आलेल्या गंधारने मला तिथून उचलले.

गंधार मूळचा वाईचा. शिकायला न्यूझीलंडला आला आणि इथलाच झाला. आता तो लोअर हटला राहतो, गाडीने वेलिंग्टनला जातो आणि दिवसभर संगणकाशी बोलतो. त्याच्या ऑफिसात कुणाकडे होडी होती, कुणाकडे सर्फबोर्ड. आपल्याकडेही इथल्या मातीतले काहीतरी हवे, असे त्याला वाटू लागले होते. मला पाहून तो दुकानदाराला म्हणाला, "क्लासिक दिसते हो!" मी दिसण्यासाठी नाही, हे त्याला कोण सांगणार?

मग त्याने सामान घेतले. छातीपर्यंतची रबरी विजार घेतली, अठरा खिशांचे जाकीट घेतले, काळा चष्मा घेतला आणि भडक नारिंगी टोपी घेतली. ती टोपी ट्राउटला काय, चंद्रावरूनही दिसली असती. रोज संध्याकाळी तो फोनवर मासेमारीचे व्हिडिओ बघे आणि मान डोलावी. चुलीचे चित्र पाहून ज्याचे पोट भरते, तशांतला तो. घराजवळच्या हट नदीवर मागचा अख्खा हंगाम तो मला घेऊन गेला. प्रवाहाबरोबर वरून खाली चालत, माशांच्या तोंडासमोरून. मला चाबकासारखी झोडपत. माझ्या दोरीत झुडपे आली, त्याची स्वतःची टोपी आली, एकदा कुत्रा फिरवणाऱ्या बाईंचा स्कार्फ आला. मासा आला नाही.

त्याची बायको मधुवंती हे सारे हसून बघत होती. तिचा जीव तिच्या टोमॅटोत होता. ऑक्टोबरमध्ये, इथल्या वसंतात, लेबर वीकेंडच्या सुट्टीत तिने रोपे लावली होती, आणि लोअर हटचा वारा ती रोज आडवी करत होता. एका शनिवारी सकाळी तिने गंधारला कंबरेवर हात ठेवून गाठले.

"आज शेवटचं. मासा आणलास तर काठी तुझी. नाही आणलास तर ती माझ्या टोमॅटोला. एवढी सरळ काठी घरात असताना मी बनिंग्जच्या दुकानातून आधार कशाला आणू?"

"अगं, ती ॲन्टिक आहे!"

"टोमॅटोला काय कळतंय?"

दहा वर्षांची अनुष्का जॅन्डल्स पायात सरकवत म्हणाली, "डॅड, जस्ट बाय अ फिश."

"ट्राउट विकत मिळत नाही बाळा. या देशात विकायलाच बंदी आहे. पकडायलाच लागतो."

"देन यू आर इन हीप्स ऑफ ट्रबल," ती म्हणाली आणि दुधासाठी कोपऱ्यावरच्या डेअरीत निघून गेली.

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण ओली माती म्हणजे माझे मरण. ओलीने पट्ट्यांमधला सरस सुटतो, आणि सरस सुटला की मी काठी उरत नाही, चोयट्या उरतात. माझे सारे आयुष्य त्या दिवशी एका माशावर टांगले गेले, आणि तो मासा पकडायचा होता गंधारने!

त्या दिवशी बरोबर एक पाहुणे होते. गंधारचे वडील, मोरेश्वर. ते वाईहून तीन महिन्यांसाठी आले होते. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली, गुडघे कुरकुरणारे, हातात सागाची चालायची काठी. ती काठी गाडीत माझ्या शेजारी ठेवली गेली. टोकाला रबराचे बूड होते. मी अंग चोरून बसले.

आम्ही रेमुटाकाचा घाट चढून पलीकडे उतरलो. कोणत्या नदीवर गेलो ते सांगणार नाही. खरा मासेमार नदीचे नाव सांगत नाही, आणि त्या दिवशी आमच्यात खरी मासेमार मी एकटीच होते. गंधारलाही ती नदी नवीन होती. हिरवट, इतकी नितळ की तळाचा गोटान् गोटा दिसावा. काठावर एक पाटी होती. गंधारने ती मोठ्याने वाचली. "बाबा, इथे फक्त फ्लाय चालते, पिसांची माशी. आमिष लावायला बंदी. तुमचं पण लायसन्स काढलंय मी, पण फक्त फ्लाय हं."

"वाचता येतं मला," मोरेश्वर म्हणाले. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि नदीला नमस्कार केला. नदीने काही उत्तर दिले नाही. मीही दिले नसते.

सकाळभर गंधारने मला झोडपले. त्याने स्वतः बांधलेली एक माशी गळाला होती. फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसे आणि तांब्याची तार. चार संध्याकाळी बसून त्याने ती बांधली होती, आणि तिचा त्याला फार अभिमान होता. मला ती भिजलेल्या मिशीसारखी दिसत होती. एक मोठा ट्राउट विलोच्या झाडाच्या सावलीत स्वस्थ उभा होता. ती मिशी तीन वेळा त्याच्या नाकावरून गेली. त्याने तिच्याकडे माझ्याच नजरेने पाहिले, आणि त्या माशाबद्दल मला आदर वाटला.

इतक्यात गंधारचा फोन वाजला. ऑफिसात कुठलीतरी यंत्रणा बंद पडली होती. "बाबा, ही जरा धरा. वर रस्त्यापाशी रेंज येते, मी आलोच."

तो झाडांआड गेला. मोरेश्वरांनी इकडे तिकडे पाहिले आणि कोटाच्या खिशातून स्टीलची एक छोटी डबी काढली. डबीत मळलेली कणीक होती. हिंगाचा वास असा सुटला की मला कड्यांपर्यंत शहारा आला.

"धोमच्या कालव्यावर याच्याशिवाय पान हलायचं नाही," ते स्वतःशी म्हणाले. "कापूस घालून मळली की सुटत नाही पाण्यात."

मित्रांनो, माझी कल्पना करा! ॲलिस्टरने घडवलेली मी, मिस हॅलिडेच्या हातची मी, आणि माझ्या दोरीच्या टोकाला हिंग घातलेली कापसाची कणीक! त्यांनी गोळी माशीवर दाबून बसवली. मला हवेत उगारलेही नाही. विहिरीत पोहरा सोडावा तशी दोरी खालूनच विलोच्या सावलीत सोडली. 'हा मासा तुम्हाला हसेल,' मी मनात म्हटले.

मासा हसला नाही. त्याने तोंड उघडले आणि ती कणीक खाल्ली.

त्या क्षणी त्याच्यावरचा माझा आदर गेला, तो कायमचा. पण पुढचे मात्र मी खरे तेच सांगते. तो पळाला आणि मी वाकले. मुठीपासून शेंड्यापर्यंत वाकले, कितीतरी वर्षांनी, जशी वाकण्यासाठी मला रंधले होते तशी. सहाही पट्ट्या एकदम जाग्या झाल्या. मोरेश्वरांनी मला ओढले नाही. त्यांनी मासा पळू दिला, दमू दिला, आणि जमेल तेव्हा तसूतसूने जवळ घेतला. गंधार ओरडत खाली धावत आला, पाण्यात एकदा आडवा पडला, आणि त्याने जाळे माशाखाली घातले. हातभर लांब, सोनेरी, अंगावर तांबडे ठिपके.

"बाबा! माझ्या फ्लायवर! माझ्या फ्लायवर आला!"

मोरेश्वर वाकले. त्यांनी गळ माशाच्या तोंडातून सोडवून मुठीत धरला. मासा जाळ्यातच पाण्यात होता. गंधार फोटोसाठी फोन पुसू लागला. मी वाचले होते. टोमॅटोला आता बनिंग्जमधून आधार येणार होता.

तेवढ्यात काठाने एक म्हातारा कुत्र्यासह आला. ग्रॅहम असे नाव त्याने सांगितले. "किआ ओरा! काय मासा आहे!" त्याने जाळ्यात वाकून पाहिले आणि मासेमार एकमेकांना जो प्रश्न सर्वांत आधी विचारतात तो विचारला. "कशावर घेतलात?"

"माझी स्वतःची फ्लाय!" गंधार फुलून म्हणाला. "मीच बांधली. पण पकडला माझ्या वडिलांनी."

"असं? दाखवा की. मी आठवडाभर या माशाच्या मागे आहे. माझ्याकडचं काहीच घेत नाही. तुमचा नमुना उतरवून घेतो."

त्याने मोरेश्वरांपुढे तळहात केला. मोरेश्वरांची मूठ मिटलेली होती. त्यांना फक्त ती पाण्यात बुडवून अंगठ्याने चोळायची होती. कणीक निघून गेली असती, पिसे उरली असती, आणि मी उरले असते. 'चोळा,' मी मनात ओरडले. 'चोळा ना!'

त्यांनी मूठ उघडली.

"फ्लाय माझ्या मुलाची आहे," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "मासा तिच्यावर आलेला नाही. हे चपातीचं पीठ आहे. मी लावलं."

ग्रॅहमने वास घेतला आणि डोके झटक्याने मागे घेतले. कुत्र्याने मात्र उरलेली कणीक चाटून टाकली. ग्रॅहम मोठ्याने हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "पाटी वाचली होती ना तुम्ही?"

"वाचली होती."

"मग त्याला जाऊ द्यायला हवं."

"हो," मोरेश्वर म्हणाले. ते तसेच बुटांनिशी पाण्यात उतरले आणि त्यांनी जाळे खाली केले. मासा थोडा वेळ त्यांच्या पायाशीच उभा राहिला, प्रवाहाकडे तोंड करून. मग नव्हताच. कणीक खाऊन, सुटून, पुन्हा आपल्या विलोखाली. मूर्खांचे नशीब असे असते.

ग्रॅहमने जाता जाता मोरेश्वरांच्या खांद्यावर हात ठेवला. गंधारने तेही पाहिले नाही. गाडी अर्धा घाट चढली तेव्हा गंधारने विचारले.

"बाबा, काय गरज होती?"

"कणीक लावायची की सांगायची?"

गंधारने गिअर बदलला.

"लावायची नव्हती," मोरेश्वर म्हणाले. "मधूने तुला घातलेली अट मी ऐकली होती. वाटलं, काठी राहू दे पोराकडे. पण तो माणूस तुझी माशी उतरवून घेणार होता रे. हंगामभर ती टाकत बसला असता."

"त्याचा काय संबंध आपल्याशी?"

"नदी त्याची आहे. आपण आज आलो."

घरी मधुवंतीने सगळे ऐकले. तिने अट मागे घ्यायला तोंड उघडलेही होते. पण गंधारला राग काढायला काहीतरी हवे होते आणि मी हातात होते. तो ताडताड परसात गेला, माझी बुचाची मूठ त्याने ओल्या वाफ्यात खुपसली आणि म्हणाला, "घे तुझी काठी."

"डॅड, दॅट्स मीन," अनुष्का म्हणाली. तिला माझी दया आली की टोमॅटोची, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, टोमॅटोच्या सहवासाबद्दल थोडक्यात सांगते. तो दिवसभर पाणी पितो, अंग टाकून देतो आणि आपण वाढतो आहोत असे समजतो. त्याच्या केसाळ फांद्या माझ्या तांबड्या रेशमाला जुन्या मोज्याच्या चिंधीने बांधल्या होत्या. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मधे वारा. पहिल्या आठवड्यात माझे वॉर्निश पांढरे पडले. मग मुठीच्या वर एक बारीक रेघ दिसू लागली. ॲलिस्टरने जो सांधा नखालाही लागू दिला नव्हता, तो उघडू पाहत होता. मी मोरेश्वरांना शिव्या देत होते. एक अंगठा चोळायचा होता त्यांना, फक्त एक अंगठा!

झाडांना पाणी घालायचे काम त्यांच्याकडेच होते. एका सकाळी ते पाणी घालता घालता थांबले. आपली सागाची काठी टेकून कण्हत खाली बसले आणि त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवले.

मग त्यांनी चिंध्या सोडल्या. मला हळूच उपटून बाजूला गवतावर ठेवले. माझ्या खड्ड्यात त्यांनी आपली चालायची काठी खोचली, आणि टोमॅटो तिला बांधला.

मधुवंती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती धावत बाहेर आली. "बाबा, हे काय? तुम्ही चालणार कसे?"

"कुंपण आहे की धरायला."

"अहो, मी उद्या आणते दुसरं काहीतरी! असं काय करता?"

"लबाडी मी केली," ते म्हणाले, "आणि इतके दिवस अंगठे धरून उभी ही. हे बरं दिसत नाही मधू."

एका हातात मला उचलून, दुसऱ्या हाताने कुंपणाची फळी न् फळी धरत ते घराकडे निघाले. त्यांनी मला एकदाही जमिनीला टेकवले नाही. टेकवली असती तरी चालले असते, कारण गुडघ्याने त्यांना दोनदा दगा दिला. पण नाही टेकवली.

गंधार दारात उभा होता. त्याने बापाला कुंपण धरून येताना पाहिले. तो पुढे आला, त्यांच्या काखेत हात घालून त्याने त्यांना पायरी चढवली, आणि मग फडके आणायला आत गेला. त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा पुसले. वाईट पुसले, उलट्या बाजूने, कड्यांना अडकत अडकत. पण पुसले.

आता मोरेश्वर वाईला परत गेले आहेत. विमानतळावर गंधारने त्यांना हाताचा आधार दिला, असे मधुवंती सांगत होती. मी कपाटावर आडवी आहे, कोरडी आहे, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात. रेघ आणखी वाढलेली नाही. पुढच्या हंगामात गंधार पुन्हा त्या नदीवर जाणार आहे, त्याच भिजलेल्या मिशीसारख्या माशीने. मासा येणार नाही, हे मी आजच सांगून ठेवते. विचारणाऱ्याला तो तसेच सांगेल, अशी मात्र मला आता आशा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातची एखादी जुनी वस्तू असेल. ती वापरा. भिंतीवर टांगू नका आणि ओली ठेवू नका. काम झाले की आधी तिला पुसा, मग स्वतःचे मोजे काढा. आणि तुमच्या चुकीसाठी तिला उन्हापावसात उभी करू नका, कारण तिला तोंड नसते.

मधुवंतीने वाफ्याला अजून दुसरा आधार आणलेला नाही. सागाची ती काठी तिथेच आहे, रबरी बूड मातीत, अंगाखांद्यावर टोमॅटो. कपाटावरून, अभ्र्याच्या उघड्या तोंडातून, मला खिडकीबाहेर ती दिसते. जगातल्या सगळ्या काठ्यांना मी लाकूडफाटा समजते, हे मी आरंभीच सांगितले. तिला सोडून.